पहिलं बाळंतपण अमेरिकेत, आई-वडील उदगीरला: व्हिजिटर व्हिसा कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करते, तिला तिसरा महिना चालू आहे. आई-वडील उदगीरला असतात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, पेन्शन आहे, चार एकर कोरडवाहू शेती आहे. आई घर सांभाळते, तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. दोघांचा परदेशप्रवास पहिलाच. एजंट दोघांचे मिळून चाळीस हजार मागतो आणि ‘खात्यावर दहा लाख दाखवावे लागतील’ म्हणतो. बाळंतपणाच्या आत दोघं तिकडं पोहोचतील का, आणि त्यासाठी काय करावं?

पोहोचतील, पण खरी अडचण कागदांची नाही, तारखेची आहे. त्यामुळं सुरुवात तिथूनच करतो.

पर्यटक आणि भेटीसाठी येणाऱ्यांना अमेरिका बी-१/बी-२ व्हिसा देते. त्याच्या मुलाखतीची तारीख भारतात बऱ्याचदा कित्येक महिने पुढची मिळते. लोक समजतात की बाळंतपण हे तातडीचं कारण आहे, वेळ आली की ‘इमर्जन्सी अपॉइंटमेंट’ मागू. ती मिळत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे की लग्न, पदवीदान समारंभ आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं ही तातडीच्या तारखेची कारणं धरली जात नाहीत. ती सोय गंभीर आजारपण, मृत्यू अशा प्रसंगांसाठी आहे, आणि त्यासाठीही आधी साधी तारीख घेतलेली असावी लागते. म्हणून डोहाळजेवण झाल्यावर बघू, असं करू नका. तिसरा महिना चालू आहे म्हणजे हातात सहा महिने आहेत. पासपोर्ट तयार असतील तर या आठवड्यातच फॉर्म भरा. नसतील तर आधी पासपोर्टचा अर्ज करा, कारण पासपोर्ट क्रमांकाशिवाय पुढचं काहीच सरकत नाही.

पासपोर्ट आधीचे असतील तर त्यांची मुदत बघा. वर्षभराच्या आत संपणार असतील तर आताच नवे करून घ्या. विमानतळावरचा अधिकारी कधीकधी पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच राहायची परवानगी देतो आणि सहा महिन्यांचा बेत तीन महिन्यांवर येतो.

नावांचा घोळ आपल्याकडं फार असतो. आधारवर ‘राव’ किंवा ‘बाई’ लागलेलं असतं, पासपोर्टवर नसतं. सातबारावर तिसरंच काहीतरी असतं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये फक्त पासपोर्ट प्रमाण मानायचा, अक्षर न् अक्षर तसंच. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात काय आहे आणि नावाच्या रकान्यात काय आहे ते पाहूनच भरा. बहुतेक वेळा नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तेही तसंच ठेवा. आईचं माहेरचं नाव मात्र विसरू नका. लग्नात नाव बदललं असेल तर ‘पूर्वी दुसरं नाव वापरलं होतं का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं आणि माहेरचं पूर्ण नाव लिहायचं.

जन्मतारीख १ जून असेल तर घाबरू नका. शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून मराठवाड्यातल्या निम्म्या पिढीची जन्मतारीख आहे. पासपोर्टवर तीच असेल तर फॉर्मवर तीच. जन्मगावाचंही तसंच. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. लातूर जिल्हा तर १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. पासपोर्टवर जे छापलं आहे तेच लिहा, आजच्या नावात बदलू नका.

आता मुख्य फॉर्म. त्याला डीएस-१६० म्हणतात. तो ऑनलाइनच भरायचा असतो आणि प्रत्येकाचा वेगळा. सुरुवातीला अॅप्लिकेशन आयडी मिळतो आणि एक सुरक्षा प्रश्न विचारला जातो. हे दोन्ही वहीत लिहून ठेवा. पान वीस मिनिटं नुसतं पडून राहिलं की सत्र तुटतं. उदगीरसारख्या ठिकाणी लाइट आणि नेट या दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक पानावर ‘सेव्ह’ करत पुढं जा. तुटलंच तर आयडी, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि सुरक्षा उत्तर देऊन परत उघडता येतं. एजंट लोक स्वतःचा ईमेल आणि स्वतःचं उत्तर टाकतात आणि नंतर फॉर्म त्यांच्याच ताब्यात राहतो. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

फॉर्ममधल्या काही प्रश्नांवर थांबायला हवं. वडिलांचा व्यवसाय ‘रिटायर्ड’, आईचा ‘होममेकर’. वडिलांना आधीच्या नोकरीचा तपशील विचारला जाईल, तिथं शाळेचं नाव, पत्ता, कामाच्या तारखा हव्यात. तो तपशील सेवापुस्तकातून किंवा पेन्शनच्या आदेशपत्रावरून (पीपीओ) काढून ठेवा, आठवणीवर लिहू नका. खर्च कोण करणार, या प्रश्नाला मुलगी करणार असेल तर मुलीचंच नाव लिहा. मुलीनं खर्च केला म्हणून व्हिसा नाकारत नाहीत. अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का, याचं उत्तर ‘हो’. मुलीचा दर्जा ‘नॉनइमिग्रंट’, कारण एच-१बी हा तात्पुरता व्हिसा आहे. काही घरांत ‘मुलगी आहे म्हटलं तर शंका येईल’ म्हणून ‘नाही’ लिहायचा सल्ला दिला जातो. हा सल्ला घातक आहे. एच-१बीच्या नोंदी सरकारकडं आहेतच. खोटी माहिती दिल्याचं त्यांना आढळलं की कायद्यानं कायमची बंदी येऊ शकते, मग पुढच्या नातवंडांनाही तिकडं जाऊन भेटता येत नाही.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक असेल आणि तिनं आई-वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज टाकलेला असेल, तर ‘तुमच्यासाठी इमिग्रंट पिटिशन दाखल झालं आहे का’ याचं उत्तर ‘हो’ असतं. अशा घरांत व्हिजिटर व्हिसा अवघड होतो, हे आधीच समजून घ्यावं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही.

गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात. आईचं फेसबुक खातं भाच्यानं काढून दिलं असेल आणि ती कधी उघडत नसेल, तरी तेही लिहायचं. शेवटी सुरक्षेचे लांबलचक हो-नाही प्रश्न येतात. ते तुम्ही भराभर ‘नाही’ मारत जाऊ नका. वडिलांना आणि आईला मराठीत एकेक वाचून दाखवा, कारण सही त्यांची आहे. फॉर्म भरायला कोणी मदत केली का, असाही प्रश्न असतो. तुम्ही भरत असाल तर ‘हो’ म्हणून तुमचं नाव लिहा, त्यात कमीपणा नाही. ‘सबमिट’चं बटण मात्र ज्याचा अर्ज आहे त्यानंच दाबायचं.

फोटो पासपोर्ट साइजचा चालत नाही. दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. स्टुडिओवाल्याला ‘अमेरिकन व्हिसाचा’ असं स्पष्ट सांगा आणि फाइल पण घ्या, ती चौकोनी आणि २४० केबीच्या आत हवी. वडिलांची टोपी उतरवायची, आईनं डोक्यावरचा पदर मागं घ्यायचा. कान आणि कपाळ दिसलं पाहिजे.

फॉर्म झाला की बारकोड असलेलं पुष्टिपत्र छापा, मग अधिकृत वेबसाइटवर खातं उघडा. शुल्क २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे, ते रुपयांत भरायचं आणि परत मिळत नाही. २०२५ च्या अमेरिकन कायद्यात आणखी २५० डॉलरचं शुल्क मंजूर झालेलं आहे, ते लागू झालं का हे पैसे भरायच्या दिवशी त्याच वेबसाइटवर बघा. दोघांना एकाच खात्यात कुटुंब म्हणून जोडा म्हणजे मुलाखत एकत्र होते. नवीन डीएस-१६० भरावा लागला तर त्याचा क्रमांक खात्यातही बदला. दोन्हीकडचे क्रमांक जुळले नाहीत तर दारातूनच परत पाठवतात. तारीख एकदाच फुकट बदलून मिळते, दुसऱ्यांदा बदलायची तर शुल्क नव्यानं भरावं लागतं. म्हणून मिळाली ती तारीख आधी पकडा, आणि तो एक बदल जवळची तारीख दिसेल तेव्हासाठी राखून ठेवा.

एजंट ‘स्लॉट काढून देतो’ म्हणतो तो याच टप्प्यावर. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन दूतावासानं बॉट (आपोआप तारखा पकडणारे प्रोग्रॅम) वापरून घेतलेल्या सुमारे २००० अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि ती खाती गोठवली. चाळीस हजार देऊन तो धोका विकत घेण्यात अर्थ नाही.

मुंबई की हैदराबाद? उदगीरहून बिदरमार्गे हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, नांदेडकरांनाही तेच सोयीचं वाटतं. भारतात राहणाऱ्याला पाचपैकी कुठलंही केंद्र घेता येतं, जिल्ह्याचं बंधन नाही. तरी तुमच्या आईसाठी मी मुंबईच सुचवेन. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते. हैदराबादला तेलुगू आणि हिंदी-उर्दूचा पाठिंबा असतो, मराठीचा भरवसा धरू नये. आईला हिंदी समजतं पण बोलता येत नाही, अशी स्थिती असेल तर दोन मिनिटांच्या मुलाखतीत तीच अडचण नडते. वडील बोलतील, आई गप्प राहील, असं चालत नाही. अधिकारी मुद्दाम आईलाच विचारतो. मुंबईची तारीख फारच लांबची असेल आणि हैदराबादची जवळची, तरच हैदराबादचा विचार करा.

दोन वेगवेगळ्या दिवशी दोन ठिकाणी जायचं असतं. आधी अर्ज केंद्रात फोटो आणि बोटांचे ठसे, नंतर वकिलातीत मुलाखत. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. रेल्वेचं आरक्षण करताना मधे एक मोकळा दिवस ठेवा. आधारचं मशीन ज्यांच्या बोटांचे ठसे पटकन घेत नाही, त्यांना इथंही त्रास होतो. शेतात काम करून बोटं खरबरीत झाली असतील तर आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री तेल किंवा व्हॅसलीन चोळा. बोटाला काप असेल तर तो भरून येऊ द्या आणि मेंदी लावू नका. वकिलातीत मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पिशव्या नेऊ देत नाहीत आणि ठेवायला लॉकरही देत नाहीत. तुम्ही बाहेर सामान घेऊन थांबा, आत दोघांनी फक्त कागदांची पारदर्शक फाइल न्यायची.

आता मुलाखत. कायद्याचं कलम २१४(बी) असं सांगतं की समोरचा माणूस कायमचा राहायलाच आला आहे असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं, आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. पटवायला मिळतात दोन-तीन मिनिटं. तेवढ्या वेळात जाडजूड फाइल कोणी उघडत नाही. अधिकाऱ्यासमोर स्क्रीनवर डीएस-१६० असतो आणि कानावर तुमच्या आई-वडिलांचं बोलणं. या दोन्हींत मेळ असला की काम होतं. चाळीस हजारांत ही गोष्ट विकत मिळत नाही.

प्रश्न साधे असतात. कशाला चाललात, मुलगी काय करते, किती वर्षं तिकडं आहे, किती दिवस राहणार, परत कधी येणार, इकडं कोण आहे, पेन्शन किती. वडिलांना मुलीच्या कंपनीचं नाव, शहर, जावयाचं काम, बाळंतपणाची अंदाजे तारीख तोंडपाठ नव्हे पण माहीत असलं पाहिजे. आईलाही. ‘तिलाच विचारा, मला नाही ठाऊक’ हे उत्तर वाईट दिसतं. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य त्याहून वाईट. ‘मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. ती येऊ शकत नाही म्हणून आम्ही जातोय. चार महिने राहू, खरिपाच्या पेरणीच्या आत परत येऊ. मुलगा-सून नातवंडं उदगीरलाच आहेत.’ एवढं मराठीत सरळ सांगितलं की पुरे. पेरणी, घर, म्हातारी आजी, उदगीरचा मुलगा हीच परत यायची खरी कारणं आहेत, ती वडिलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावीत.

एका गोष्टीवर घरात आधी बोलून घ्या. ‘बाळ सांभाळायला चाललो, मुलगी कामावर जाणार’ या उत्तरावर अनेकांचे व्हिसा जातात, आणि व्हिसा मिळालेल्यांना अमेरिकेच्या विमानतळावर अडवतात. पगार नसला तरी दाईच्या जागी राहून मूल सांभाळणं त्यांच्या हिशेबी कामात मोडतं. लेकीजवळ राहणं, नातवाला मांडीवर घेणं, बाळंतिणीला डिंकाचा लाडू करून देणं ही भेटच आहे. पण आईनं सहा महिने बाळ बघायचं म्हणजे डे-केअरचा खर्च वाचेल, असा खरोखरच बेत असेल तर उत्तर बदलू नका, बेत बदला. ती कामावर परत जाईल तेव्हासाठी डे-केअरची सोय करा आणि आई-वडिलांचा मुक्काम तीन-चार महिन्यांचा ठेवा. म्हणजे बोलायला खोटं काहीच उरत नाही.

कागद कमीच न्या, पण बरोबर न्या. पासपोर्ट, डीएस-१६० चं पुष्टिपत्र, अपॉइंटमेंटचं पत्र. वडिलांचा पीपीओ आणि पेन्शनचं पासबुक. सातबारा आणि आठ-अ. मुलीचं आमंत्रणपत्र, तिचा आय-७९७ (एच-१बी मंजूर झाल्याचं पत्र), शेवटच्या तीन पगारपावत्या. अधिकाऱ्यानं मागितलं तरच पुढं करा. खात्यावर अमुक इतके पैसे असावेत असा आकडा कुठंही ठरवून दिलेला नाही. उसने दहा लाख आणून आठवड्यापूर्वी भरले तर पासबुकात ती एकच ओळ उठून दिसते आणि पेन्शनरकडं हे आले कुठून, हा प्रश्न उभा राहतो. उत्तर देता येत नाही तिथं खेळ संपतो. शेतीचं उत्पन्न आयकरात माफ आहे, म्हणून रिटर्न नसेल तर तसं सांगावं, बनावट रिटर्न काढू नये.

अधिकाऱ्यानं पासपोर्ट ठेवून घेतला की बहुधा व्हिसा मंजूर. पासपोर्ट परत दिला आणि २१४(बी) ची चिठ्ठी दिली तर नाकारला. त्यावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण शुल्क नव्यानं, आणि काही बदललं नसेल तर उत्तरही बहुधा तेच येतं. २२१(जी) ची चिठ्ठी नोंदीत नकार धरली जाते, पण तो शेवटचा नव्हे, काही कागद किंवा तपासणी बाकी आहे. त्यावर लिहिलेलं तेवढं पूर्ण करायचं. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

भारतीयांना हा व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो. त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही. किती राहायचं ते अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीनं ती नोंद काढून छापून ठेवावी. त्या तारखेच्या पुढं एक दिवस जरी राहिलं तरी दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त राहिलं तर तीन वर्षं बंदी, वर्षाहून जास्त राहिलं तर दहा वर्षं. वाढ हवीच असेल तर मुदत संपायच्या आत आय-५३९ अर्ज करावा लागतो. एकदा सहा महिने राहून दोन महिन्यांत परत जाऊ नका. त्यापेक्षा आधी माहेरचे आणि ते परतल्यावर सासरचे, असं ठरवलं तर बाळाजवळ माणूसही राहतं आणि कोणाच्या नोंदीवर संशयही येत नाही.

विम्यावर काटकसर करू नका. इथली आरोग्य पॉलिसी तिकडं बहुधा चालत नाही आणि तिकडं आपत्कालीन विभागात एक रात्र काढली तरी बिल काही लाखांत जातं. ‘फिक्स्ड बेनिफिट’ नावाच्या स्वस्त पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देतात, वरचं सगळं तुमच्या अंगावर. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी घ्या, किमान एक लाख डॉलरची. वडिलांना बीपी-शुगर असेल तर आधीच्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास त्यात धरला आहे का, ते वाचून घ्या. नेहमीची तपासणी आणि गोळ्या बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. गोळ्या इथूनच न्या, साधारण ९० दिवसांच्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. इन्सुलिन हातातल्या बॅगेत.

जायच्या किमान दोन आठवडे आधी दोघांनी डांग्या खोकल्याची टीडॅप लस घ्यावी. नवजात बाळाजवळ येणाऱ्या मोठ्यांनी ती घेतलेली असावी, असं तिकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतातच, आणि आपल्याकडं ती ऐनवेळी प्रत्येक गावात मिळत नाही. लातूरच्या दवाखान्यात आधी मागवून ठेवा.

सामानात डिंकाचे-अळिवाचे लाडू, काळा मसाला, पापड, लोणचं चालतं. मसाल्याची पुडी मोठ्या बॅगेत टाका, हातात नको. केसर आंबे, कढीपत्ता, बियाणं, मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका. खाण्याचं काय आहे विचारलं तर सगळं सांगायचं. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागा. चालता येत नाही म्हणून नव्हे, तर बदलाच्या विमानतळावर हाताला धरून नेणारं माणूस मिळतं म्हणून. बहिणीचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचे दिवस इंग्रजीत एका कागदावर लिहून तो दोघांच्याही खिशात द्या. तिकडच्या अधिकाऱ्याला फोनवरून दुभाषी जोडून देता येतो, आईनं ‘मराठी’ एवढं म्हटलं तरी चालेल.

घरचं एक राहतं. वडिलांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो. मुक्काम त्या महिन्यात येत असेल तर निघण्याआधी बँकेत आणि पंचायत समितीत विचारून घ्या, नाहीतर डिसेंबरपासून पेन्शन अडकते. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीच्या, चेहरा ओळखणाऱ्या अॅपवरून तो दाखला परदेशातून देण्याची सोय त्यांच्या खात्याला चालते का, तेही तेव्हाच विचारा. वडिलांचं सिम बंद पडू देऊ नका, रोमिंग चालू ठेवून न्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.